पॉलीनच्या फुल्या

डॉक्टर विभावरींनी कागद हातात घेतला, तोच पॉलीनने पाचही शब्द म्हणून टाकले.

"दोरी, पेरू, खिडकी, शाई, बैल."

विस्मृतीच्या आजारांवर विभावरींचं कतारच्या दोह्यात नऊ वर्षं संशोधन चाललं होतं, आणि त्यातली आठ वर्षं पॉलीन त्यांची नर्स होती. हीच चाचणी तिने शेकडो लोकांची घेतली होती. आज खुर्ची तेवढी बदलली होती. मागच्या गुरुवारी ड्यूटी संपवून ती शहरातल्याच अबू हमूरला घरी निघाली आणि दीड तासाने नवऱ्याला, विल्यमला, फोन केला तो पार उत्तर टोकाच्या अल रुवैसच्या धक्क्यावरून.

"मासळी आणायला गेले होते," पॉलीन म्हणाली. "वसईच्या बाईने ताज्या मासळीसाठी शंभर किलोमीटर जाऊ नये, असं कुठे लिहिलंय?"

"मग आणली का नाहीस?" विल्यमने विचारलं.

ती हातातल्या रुमालाची नीट घडी करत बसली.

विभावरींनी नवे पाच शब्द दिले. थोड्या वेळाने विचारले तर दोनच आठवले. पण वजाबाक्या तिने झरझर केल्या, घड्याळ तर सुबक काढलं. आजार म्हणावा तर ही समोर हसतेय. नाही म्हणावं तर ते तीन शब्द गेले कुठे? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"कधीपासून हे?" त्यांनी विचारलं.

"जूनपासून, डॉक्टर." विल्यम म्हणाला.

डॉक्टरांना पॉलीनची काळजी वाटतेय, असं त्याला वाटलं. वाटत होतीच. पण त्याच क्षणी विभावरी मनात मोजत होत्या, जूनपासून पॉलीनने भरलेले कागद किती असतील. रविवारी शोधनिबंध पाठवायचा होता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"कागदांची काळजी ना?" पॉलीन म्हणाली. "जिथे चूक वाटली तिथे मी लाल फुल्या केल्यात. कपाटात बघा."

"मला आधी का नाही सांगितलंत?" विभावरींनी विचारलं.

"सांगितलं की!" मग ती विल्यमकडे वळली. "सांगितलं ना मी?"

ती दोघं गेल्यावर विभावरींनी कपाट उघडलं. जूनच्या गठ्ठ्यात फुल्या होत्या. त्याआधीच्या मे महिन्यातही होत्या, आदल्या वर्षीही. तळाच्या खणात पहिल्या वर्षाचे कागद होते. तेव्हा पॉलीन आलीही नव्हती. ते सगळे विभावरींनी स्वतः भरले होते. त्यांतल्याही चारांवर फुल्या!

म्हणजे बिचारी वाटेल तिथे फुल्या मारत सुटली होती. आजार होताच तर. जूनपासूनचे कागद वगळले की निबंध रविवारी जाऊ शकत होता. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचंच रडू आलं.

डोळे पुसून त्यांनी पहिल्या वर्षाचा एक कागद परत ठेवायला उचलला. खाली त्यांच्याच अक्षरात सव्वीस गुण लिहिले होते. सव्वीस म्हणजे निरोगी. त्याखाली आजारी धरायचं, असा त्यांनीच घातलेला नियम. सवयीने त्यांनी बेरीज केली.

पंचवीस.

त्यांनी एकेका आकड्यावर बोट ठेवून पुन्हा मोजलं. पंचवीसच. मग दुसरा फुलीचा कागद ओढला.