नथूच्या शिट्टीचा दात

कार्ड : नथू, राहणार कुरवंडे. वय विचारलं तर म्हणतो, "लय." वरचा समोरचा दात. म्हशीचं शिंग लागून आतली शीर मेलेली, मुळाशी पू. मूळ पोखरून साफ केलं आहे. आता भरून बंद करायचं. लोणावळे, श्रावण, १९३६.

कार्डावर न मावलेलं :

"उपटून टाकू का?" डॉक्टर ओगल्यांनी आधीच विचारलं होतं. "पाच मिनिटांचं काम."

"आन् शिट्टी तुमी घालणार?"

नथूच्या अकरा म्हशी नागफणीच्या कड्याच्या अंगाला चरतात. धुकं उतरलं की शेजारची म्हैस दिसत नाही, तर कडा कुठला दिसायला! हाकेला त्या कान देत नाहीत. नथू याच दाताला जीभ टेकवून शिट्टी घालतो, तेव्हाच वळतात.

"मग म्हशी विकून टाका."

"शिट्टीबिगर घेतंय कोन?"

पहिला प्रयत्न.
पुस्तक सांगतं : जस्ताची भुकटी लवंगेच्या तेलात घोटा, काच गार ठेवा, म्हणजे लुकण सावकाश घट्ट होतं. डॉक्टरांनी काच माठावर ठेवून गार केली. लुकण घोटता घोटताच दगड.

"तेलात खोट असणार."

नथूने तोंडातला कापूस काढला. "काचेला घाम आलाय की वं."

डॉक्टरांनी काचेवर बोट फिरवलं. ओलं! पाण्याचा थेंब लागला की हे लुकण झपाट्याने आवळतं, हे ते परीक्षेत लिहून पास झाले होते. लोणावळ्यात गार काच म्हणजे दव, हे कुणी विचारलं नव्हतं.

दुसरा.
काच माठावरून हलवली, पुसली. लुकण मऊ राहिलं. कागदाच्या बारीक वातींनी मुळातली ओल टिपली. एक वात, दोन, पाच. गटापर्चाची, म्हणजे रबरासारख्या चिकाची, काडी लुकणात बुडवून आत बसवली. जरा ओढून पाहिली.

आली बाहेर.

लुकण भिंतीला धरलंच नव्हतं. ओल्या पाटीवर खडू.

"आणखी एकदाच, नथूबा. नाही जमलं तर उपटायचा. पू पुन्हा धरेल."

ओसरीवर जाऊन नथूने विडी काढली. डॉक्टरांनी मागोमाग येऊन आपली काडेपेटी पुढे केली. चार काड्या ओढल्या, चारींचा गुल नुसता पुसला गेला. मग नथूने पागोट्याच्या घडीतून स्वतःची पेटी काढली. पहिलीच काडी पेटली.

"डोक्यावर ऊब असती. उघड्यावरची काडी पावसाळाभर पानी पिती, ती काय पेटंल?"

डॉक्टर आत पळाले.

कागदाच्या वाती! जूनपासून उघड्या कपाटात. पिऊन तर्र झालेल्या वाती दुसऱ्याचं पाणी काय टिपणार?

तिसरा.
वाती आणि भुकटी शेगडीच्या उबेवर तासभर ठेवल्या, काचेच्या नळ्यांत भरल्या, बुचं ठोकली, निवू दिल्या.

"पागोट्यात ठिवू का?"

"नको. तिथे ऊब आहे, तशी वस्तीही असेल."

"डॉक्टरसायब!"

पाचवी वात मुळातून कोरडीच बाहेर आली. लुकण लावलेली काडी आत गेली. डॉक्टरांनी ओढली. पुन्हा ओढली. काडीबरोबर नथूचं डोकंच पुढे आलं.

"उद्यापर्यंत शिट्टी बंद," डॉक्टर म्हणाले. निकालाची ओळ त्यांनी कोरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी कार्ड खिशात घालून ते स्वतः कुरवंड्याला गेले. धुकं इतकं, की नथूशी बोलताना त्याचं पागोटं तेवढं दिसत होतं. कड्याच्या बाजूला म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती. लांब जात होती.

नथूने दाताला जीभ टेकवली.

पहिली शिट्टी नुसती हवा. दुसरी डॉक्टरांच्या कानातून आरपार गेली.

घंटा थांबली.

मग जवळ येऊ लागली. धुक्यातून एक ओलं नाक आलं, मागून शिंगं. दोन. पाच. नऊ. बराच वेळ काही नाही. दहा. अकरावी रवंथ करतच आली.

डॉक्टरांनी कार्ड काढलं, पेन्सिल टेकवली. कार्ड लगदा झालेलं. पेन्सिल आरपार गेली.

नथूने खाली वाकून पागोटं पुढे केलं.

"ठिवा हितं. घरी गेल्यावर लिवा."