पोस्टाचा कणगा

बोरीबंदराशेजारच्या मोठ्या घुमटाच्या पोस्टाला पोशीर गावात सगळे कणगा म्हणत. म्हणत, कारण नामा म्हणायचा. वीस वर्षांपूर्वी ती इमारत उभी राहत होती, तेव्हा नामा आणि कर्जत-खालापूरकडचे पंधरा-वीस गडी तिथं परांची बांधायला होते. घुमटाभोवती त्यांनी बांबू असे गोल आवळले होते, की खालून बघणाऱ्याला वाटावं, भात साठवायचा रिकामा कणगाच उभा केलाय. गड्यांनी नाव पाडलं आणि नामाने ते गावी आणलं. मुंबईहून कुणाचं पत्र आलं तरी गाव म्हणे, कणग्यातनं आलं. घुमट नामानेच बांधला, अशी निम्म्या गावाची समजूत होती, आणि ती मोडायची तसदी नामाने कधी घेतली नाही.

त्याची थोरली मुलगी सुंदरा लग्नाची झाली. खोपोलीकडचा आबाजी आपल्या पुतण्याला, गजाला, घेऊन मुलगी बघायला आला. गजा त्याच पोस्टात हमाल होता, टपालाच्या थैल्या उचलायचा. अंगापिंडाने चांगला, बोलायला साधा. पाणी देताना सुंदराने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. तिला तो आवडला, आणि हे तिच्या आईला, बायजाला, चुलीपासूनच कळलं.

नामाला मात्र घाई नव्हती. त्याच साली भिसेगावच्या एकाने मुंबईत नोकरी आहे म्हणणाऱ्याला पोरगी दिली होती, आणि जावई तिकडे नुसता हिंडत होता. दुधाने तोंड भाजलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. इथं तोंड दुसऱ्याचंच भाजलं होतं, तरी फुंकत नामा बसला होता. त्याने मनाशी एक परीक्षा ठरवली. जो खरोखर त्या इमारतीत राबतो त्याला तिचं घरचं नाव ठाऊक असणारच. सुपारी कातरता कातरता त्याने विचारलं, तुम्ही कामकरी माणसं त्या पोस्टाला आपसात काय म्हणता?

"वारूळ," गजा म्हणाला. "दिवसभर मुंग्यांवानी माणसं आतबाहेर करतात. म्हणून वारूळ."

आणखी काही म्हणतात का, असं नामाने विचारलं. गजाने आठवून बघितलं आणि नाही म्हणाला. नामाच्या लेखी निकाल लागला. पाहुणे वेशीबाहेर पडले तसं त्याने घरात जाहीर केलं, की पोरगा लबाड आहे, त्याने पोस्ट आतून बघितलेलंच नाही. दोन दिवसांनी आबाजीकडे नकार गेला.

बायजा म्हणाली, मुंबईला जाऊन खात्री करा, मग काय ते ठरवा. नामाला राग आला. ज्या घुमटाला आपल्या हातांनी बांबू बांधले, त्याची चौकशी आता दुसऱ्या कुणाकडे करायची? मग एक दिवस खळ्यावर सुंदरानेच धीर केला आणि म्हणाली, "बा, एकदा जाऊन तरी या." मळणी झाली की बघू, असं तो बोलला. मळणी झाली, भात घरात आलं, आणि नामा गेला नाही. सुंदरा कामं सगळी करी, पण बोलेनाशी झाली. शेवटी नकार गेल्यापासून सहाव्या आठवड्यात बायजाने भाकरी फडक्यात बांधून त्याच्या हातात ठेवली आणि दार दाखवलं. नेरळपर्यंत चालत जाऊन त्याने गाडी धरली.

पोस्टाच्या फाटकाशी चार-पाच हमाल विड्या ओढत बसले होते. याला कणगा म्हणतात ना, असं नामाने विचारलं. ते एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्यातला एक वयस्कर होता, त्याला तेवढा उलगडा झाला.

"बांबू होते तवाचं नाव असंल ते," तो म्हणाला. "आमी आलो तवा बांबू उतरले होते. आमी वारूळच म्हणतो."

नामाने वर बघितलं. वर नुसता दगडी घुमट होता. ते बांबू उतरवायलाही तोच होता. दोऱ्या आपल्याच कोयत्याने कापल्या होत्या. आणि बांबूंबरोबर नावही उतरलं असेल, ही साधी गोष्ट वीस वर्षांत त्याच्या डोक्यात आली नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की तसाच मागे फिरावं. पण त्याने गजाला बोलावून घेतलं.

गजा थैली खाली ठेवून आला. रामराम केला, पाणी विचारलं. नामाने चूक कबूल केली. मग गजाने सांगितलं, की गेल्या सोमवारी चौक गावच्या मुलीशी त्याची सुपारी फुटली.

"काका लगेच दुसरीकडं बघणार व्हता," तो म्हणाला. "मीच महिनाभर थांबवला त्याला. म्हटलं, पोरीचा बाप हाय, खात्री करायला येईल."

परतीच्या गाडीत नामाच्या मनात येऊन गेलं, की पोरगा लबाडच निघाला असं घरी सांगावं. पडताळायला कोण जातंय? सुंदराची आशा तुटेल आणि आपली अब्रू राहील. नेरळहून गावापर्यंत चालताना त्याने तसं दोनदा ठरवलं आणि दोनदा मोडलं. घरी येऊन त्याने सगळं खरं सांगितलं, शेवटचंसुद्धा.

सुंदरा तांदूळ पाखडत होती. तिने सूप मांडीवर ठेवलं.

"महिनाभर थांबला व्हता?"

नामाने मान हलवली. ती रडली नाही, तोंडही फिरवलं नाही.

"गाडी तर रोज व्हती, बा," ती म्हणाली.