तीनाचा महिना

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी खुंटी नाही. माझ्या अंगावर आकडे पिळल्याच्या खुणा आहेत, म्हणून येणाराजाणारा ओला कोट हातात घेऊन आशेने माझ्याकडे बघतो. मी एक जुनी स्की आहे, भूर्जाच्या लाकडाची, आणि तळाला घोडीचं कातडं लावलेली. आकबेलच्या डोंगरातला जितका बर्फ माझ्याखालून गेला, तितका या कोटवाल्यांनी चित्रातसुद्धा पाहिला नसेल. मी रागीट आहे हे मला मान्य आहे. माझी हकिगत ऐकलीत की तुम्हालाही राग येईल.

मला घडवलं तुरारने. तो इथला जंगलाचा राखणदार. एकाच भूर्जाचं खोड मधोमध चिरून त्याने आम्हा दोघी बहिणींना बाहेर काढलं, म्हणून आमच्या अंगावरच्या रेषासुद्धा जुळायच्या. लग्नाकार्याला मटण शिजवायची मोठी कढई त्याने चुलीवर चढवली, पाण्याला आधण आणलं आणि त्या वाफेवर आमची नाकं वर वाकवली. नंतर कितीतरी दिवस पुलावाला लाकडाचा वास येतो म्हणून त्याची बायको करवादत होती. तळाला त्याने घोडीच्या पायाचं कातडं बसवलं, केस मागच्या बाजूला वळवून. त्यामुळे उतारावर आम्ही सुसाट जायचो आणि चढावर केस उभे राहून बर्फाला घट्ट धरायचे.

काय दिवस होते ते! मेंढपाळांच्या हिवाळी तळावर पाव, चहा, औषधं पोचवायची ती आम्हीच. चोरून हरणं मारणाऱ्यांच्या मागे धावायचं तेही आम्हीच. एकदा तर तुरारने गावच्या सुईणीला पाठुंगळी घेऊन आमच्यावरून खिंड पार केली. सुईण चांगली अंगापिंडाने भरलेली होती आणि वाटभर त्याला शिव्या घालत होती, पण मूल सुखरूप जन्मलं. गावात म्हणायचे, तुरारला दोन पाय आणि दोन स्की असे चार पाय आहेत. त्याची मुलं आसिल आणि कुबात आमच्यावरच बर्फावर उभं राहायला शिकली. आसिल पडली की दात खाऊन उठायची. कुबात पडला की आधी बहिणीला दोष द्यायचा आणि मग उठायचा. दोघांचं एकमेकांशिवाय पान हलत नसे आणि दोघांचं एक मिनिट पटत नसे.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू होतं. आमच्याकडे हिवाळा उलटा मोजतात. अमावस्येनंतर कितव्या रात्री चंद्र आणि कृत्तिकांचा पुंजका शेजारी येतात, त्यावरून जुन्या लोकांनी महिन्यांना नावं दिली: नवाचा महिना, साताचा, पाचाचा, तीनाचा आणि शेवटी एकाचा. एक संपला की हिवाळ्याचा कणा मोडला. त्याच्यापुढे येतो खोट्या हरणाचा महिना, आणि मग खऱ्या हरणाचा. मुलांना झोपवताना तुरार हेच म्हणायचा, नऊ, सात, पाच, तीन, एक, आणि एकापर्यंत पोचायच्या आत कुबात घोरायला लागलेला असायचा. तुरारचं एक म्हणणं सगळ्या गावाला पाठ होतं. तीनाच्या महिन्यात बर्फ खरं बोलतो आणि खोट्या हरणाच्या महिन्यात गोड बोलतो. कोरड्या कडाक्याच्या थंडीत बर्फ साखरेसारखा मोकळा असतो आणि स्कीला तोच हवा. पुढे ऊन चढलं की वरून तो लोण्यासारखा दिसतो आणि आतून त्याची पकड सुटलेली असते.

आणि हे सगळं ज्याला कळत होतं, तो तुरार खोट्या हरणाच्या महिन्यातच गेला. मेंढपाळाचं पोर तापाने फणफणलं होतं, म्हणून तो दुपारच्या उन्हात म्हातारीची पाठ नावाच्या उतारावरून निघाला. वेळ वाईट आहे हे त्याला ठाऊक होतं. पायाखालून अख्खी पाठ सरकली. मी ढिगाऱ्यावर तरंगत राहिले. आसिल गावातून धावत आली, तिने मलाच उचललं आणि माझ्यानेच ती बर्फ उकरत बसली, गावकरी येईपर्यंत, हाताची सालं निघेपर्यंत. तुरार सापडला, पण श्वास उरला नव्हता. माझी बहीण सापडलीच नाही. खालच्या ओढ्याने तिला नेलं असणार.

मित्रांनो, एका स्कीचं जगात काय करतात? काही नाही. मला गोठ्याच्या कोपऱ्यात टाकलं. कोंबड्या माझ्यावर बसायच्या, आणि कोंबड्या बसतात तिथे काय काय करतात ते मी सांगायला नको.

कुबात लहानपणीच शहरात मावशीकडे शिकायला गेला होता. तिथल्या शाळेत महिने पहिल्यापासून बाराव्यापर्यंत सरळ मोजतात. आसिल गावातच राहिली आणि बापासारखीच डोंगरात फिरायला लागली. तुरार गेल्यावर काही वर्षांनी दोघांनी ठरवलं की घरात स्कीवाल्या पाहुण्यांना उतरवायचं. शहरातून पाहुणे आणायचे कुबातने, डोंगरात न्यायचं आसिलने. बेत झकास होता. त्या उत्साहात कुबातने मला गोठ्यातून काढलं, पुसलं, आणि मला वाटलं, चला, दिवस पालटले! तर त्या पठ्ठ्याने माझ्या पोटात ओळीने लोखंडी आकडे पिळले आणि मला दाराजवळ आडवं टांगलं. कोटांसाठी! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ज्या अंगाने त्याच्या बापाला उचलून धरलं, त्या अंगावर परक्यांचे घामट कोट.

पण त्या जागेचा एक फायदा झाला. घरात फोनला रेंज फक्त दाराजवळच मिळते. त्यामुळे घरातलं प्रत्येक बोलणं माझ्या नाकासमोर होतं.

शरद ऋतूत कुबातचा फोन आला, पाहुण्यांना कधी बोलवू म्हणून. आसिल कणीक मळता मळता आली होती, तिने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून सांगितलं, तीनाच्या महिन्यात. तो म्हणाला, नक्की? ती म्हणाली, किती वेळा सांगू, बाबा काय म्हणायचे ते विसरलास का? पलीकडून फोन कट झाला. आसिल म्हणाली, याला शहराचं वारं लागलंय. आणि परत जाऊन तिने कणकेला असे बुक्के मारले की बिचारी कणीक एखाद्या शत्रूसारखी झोडपली गेली.

तीनाचा महिना आला. शाळेच्या हिशेबाने म्हणाल तर जानेवारी. काय बर्फ पडला होता! कोरडा, मऊ, कुणाचं पाऊल न लागलेला. आसिलने खोल्या झाडल्या, बोर्सोकची, म्हणजे कणकेच्या तळलेल्या तुकड्यांची, परात भरली, शेगडी पेटवली. पाहुणे काही आले नाहीत. बोर्सोक शेजाऱ्यांनी खाल्ले. तिने एकदा तरी फोन करून विचारावं की नाही? छे! फोनजवळ यायची, हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. पाहुणे मिळाले नाहीत हे तो आपणहून सांगेल, मी का विचारू, असं पुटपुटायची. तिकडे तोही तोंडाला कुलूप लावून बसलेला. मला सगळं दिसत होतं आणि तोंड नव्हतं. या दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं वाटायचं, पण हातही नव्हते.

आणि खोट्या हरणाच्या महिन्यात, छपरावरून पाणी टपटपत असताना, एक गाडी दारात उभी राहिली. कुबात आणि त्याच्याबरोबर अल्माटी शहरातले पाहुणे, रंगीबेरंगी कपड्यांतले, ओलेग नावाचा एक दाढीवाला त्यांचा म्होरक्या. आसिलचा चेहरा मी पाहिला. बाप ज्या महिन्यात गेला, त्याच महिन्यात भाऊ लोकांना डोंगरावर न्यायला घेऊन आला! पण पाहुण्यांसमोर काय बोलणार? आमच्याकडे पाहुण्यासमोर घरचं भांडण काढत नाहीत. तिने चहा ओतला, लोणी ठेवलं, मुरंबा ठेवला, आणि प्रत्येक वाटी अशी आपटली की ओलेगने दोनदा विचारलं, बाईंची तब्येत बरी आहे ना?

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारठ्यात तिने त्यांना देवदारांमधल्या खालच्या उतारावर फिरवलं आणि ऊन चढायच्या आत परत आणलं. पाहुण्यांचं समाधान कसलं होतंय! त्यांना म्हातारीची पाठ हवी होती. खिडकीतून ती दिसत होती, पांढरी, गुळगुळीत, गोडबोली. आसिल नाही म्हणाली. ओलेग हसून म्हणाला की आम्ही याहून मोठे डोंगर कोळून प्यायलोय, आणि बाईंना भीती वाटत असेल तर त्यांनी घरी बसून नूडल्स लाटाव्यात. ती परत नाही म्हणाली. तेव्हा कुबात उठला. तू नको येऊस, मी नेतो, म्हणाला आणि बुटांच्या कड्या लावायला लागला.

मित्रांनो, त्याच्या बुटांत मला तुरारचे पाय दिसत होते. आसिल तडक माझ्याकडे आली. दोन्ही हातांनी मला धरून भिंतीपासून ओढलं, खिळे उपटले, सगळे कोट दाराशी साचलेल्या बुटांच्या चिखलात पडले. तिने मला दाराच्या उंबरठ्यावर आडवं टाकलं.

आमच्याकडे चाबूक असो, दोर असो की घोडा धरायची काठी, वडीलधाऱ्याच्या हातची वस्तू कुणी ओलांडत नाही. पोरं हे मार खाऊन शिकलेली असतात.

"ओलांड," आसिल म्हणाली. "बाबांवरून पाय टाकून जा."

कुबातचा पाय उचललेला होता, तो तसाच राहिला. त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"बाबांचं नाव तू काढू नकोस, एजे," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला आमच्याकडे एजे म्हणतात, आणि इतक्या रागातही त्याने ते सोडलं नव्हतं. "बाबा मार्चमध्ये गेले आणि तूच मला सांगितलंस मार्चमध्ये पाहुणे बोलव म्हणून. वर बाबांची शपथ घातल्यासारखं बोललीस. म्हटलं, हिला आता बाप आठवत नाही, हिला फक्त धंदा दिसतो. मग मी एकट्यानेच सुतक का पाळायचं?"

"मी मार्च म्हटलं? मी तीनाचा महिना म्हटलं."

"मग तिसरा महिना मार्चच ना!"

आसिल माझ्या शेजारी मटकन खाली बसली. तिला हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून वाहायला लागले.

"अरे गाढवा," ती म्हणाली, "नऊ, सात, पाच. पुढे म्हण."

कुबातचे ओठ हलले. "तीन," तो म्हणाला. मग फार हळू, "एक." आणि तोही खाली बसला, माझ्या दुसऱ्या टोकाला. "मी नेहमी पाचावरच झोपायचो, एजे."

"मला वाटलं तू बाबांना विसरलास."

"मला वाटलं तू."

ओलेगशी बोलणं शहराच्या भाषेत चालायचं, आमची भाषा त्याला कळत नव्हती. त्याने विचारलं, निघायचं का? कुबातने डोळे पुसले आणि सांगितलं की नाही, चूक आमच्या घरातली आहे, तुम्ही जेवा, पण त्या उतारावर या घरातून कुणी जाणार नाही.

आता तुम्हाला वाटेल, त्याच दुपारी म्हातारीची पाठ धडाडत कोसळली आणि पाहुण्यांची बोबडी वळली. तसं काही झालं नाही. पाहुणे खुर्च्या टाकून अंगणात बसले, दिवसभर डोंगराकडे बघत बसले आणि डोंगर ढिम्म हलला नाही. संध्याकाळी ओलेग म्हणाला, कुठाय तुमची बर्फाची दरड? दुसऱ्या दिवशीही ती आली नाही. पाहुणे नाकं मुरडत निघून गेले. पाठ सरकली ती पुढे कधीतरी, खऱ्या हरणाच्या महिन्यात, गावातली सगळी माणसं मेंढ्यांच्या विण्यात गुंतलेली असताना. कुणी वर पाहिलंसुद्धा नाही. मला याचा अजून राग येतो. पण डोंगराने कोसळून दाखवलं तरच बापाचं म्हणणं खरं, असं मानायचं असेल, तर मग बापाने सांगून तरी काय उपयोग?

पाहुणे गेले त्याच संध्याकाळी कुबात पेचकस घेऊन माझ्यापाशी बसला. एकेक आकडा फिरवून काढला. भोकांत मेण भरलं, कातड्याला चरबी चोळली आणि मला पुन्हा भिंतीवर लावलं, या वेळी उभं, जशी स्की उभी करतात तशी. माझी माफी मागायला हवी होती, पण चालायचंच, तुरारचाच मुलगा तो. कोटांसाठी त्याने एक फळी आणली आहे. ती मुकी आणि मूर्ख आहे, आमचं जमत नाही.

या हिवाळ्यात पाहुणे तीनाच्या महिन्यात आले. कुबात आता हिवाळाभर इथेच असतो आणि फोनवर कुणालाही तारीख सांगताना आधी म्हणतो, तीनाचा महिना, म्हणजे जानेवारी, थांबा हं. मग फोन हातात धरून स्वयंपाकघराकडे ओरडतो, "एजे, जानेवारीच ना?" आणि ती आतून ओरडते, "हो रे बाबा, जानेवारी!" रोज. अगदी रोज. मला त्याचा कंटाळा येत नाही.

मित्रांनो, भांडायचं तर खुशाल भांडा. दारं आपटा, वाट्या आपटा, कणकेला बुक्के मारा. पण त्याआधी एकदा समोरच्याला विचारा, तू नक्की कोणता महिना म्हणालास? विचारायला लाज वाटली म्हणून या घरात भाऊ मरायला निघाला होता. माझी बहीण बर्फाने नेली, तिथे माझा इलाज नव्हता. तुमची असेल तर तिला फोन करा. एका स्कीवर डोंगर उतरता येत नाही, ती फक्त भिंतीवर टांगता येते.