गोळी नाही, सुई नाही

बुधरी मोहाच्या झाडाखाली तिसऱ्यांदा पडली तेव्हा तिला उचलायला मंगलीच आधी धावली, आणि बुधरीच्या मते सगळा घात तिथेच झाला. उचलणाऱ्या बाईला सगळं जवळून दिसतं. बुधरीचे डोळे कसे फिरले, तिने माती कशी मुठीत धरली, किती वेळाने ओकली, मंगलीने एकेक गोष्ट नीट बघून घेतली आणि दुपारच्या आत कोसमटोल्याच्या चाळीसही घरांत सांगून आली.

मंगली म्हणजे तिची धाकटी जाऊ. नवरा जाऊन पाच वर्षं झालेली, आणि तिच्या वाट्याचं मोहाचं झाड गेल्या साली रस्ता रुंद करताना तोडलं गेलेलं. सासऱ्याने मरताना दोन झाडं दोन सुनांना नेमून दिली होती. त्यातलं नाल्याकाठचं मोठं ते बुधरीचं. कोसमटोल्यात कुठलं झाड कुणाचं हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. फाल्गुनात झाडाखालचा पाला ज्या घराने झाडला, त्या सालची मोहाची फुलं त्या घराची, एवढा साधा कायदा. बुधरीच्या घरचं वर्षाचं तेल, मीठ, कापड त्या एका झाडातून निघायचं. स्वतःचं झाड गेल्यापासून मंगली त्या झाडाकडे बघत होती, आणि कशी बघत होती ते बुधरीला पाठीमागून सुद्धा कळायचं.

आता मंगलीच्या हाती मुद्दा लागला होता, आणि हाती आलेलं सोडणारी ती बाई नव्हती.

गावची पूजा आणि पंचायत दोन्ही बघणारा म्हातारा, म्हणजे गायता, सुकलू. त्याच्या अंगणात माणसं जमली तेव्हा मंगली उभी राहून म्हणाली, "बाई विहिरीवर पडली काय कधी? नाई. बाजारात पडली? नाई. शेतात? नाई. तीनदा पडली, ते त्या झाडाखालीच पडली. झाडाले ते नोको झाली हाये, सुकलूभाऊ. मी नाई म्हणून राह्यली, झाडच म्हणून राह्यलं."

बसलेल्यांच्या माना डोलल्या. बुधरीच्या अंगाची आग आग झाली. मंगलीचं बोलणं साफ चुकीचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे एकट्या बुधरीलाच माहीत होतं. वर्षभर ती अंथरुणात उजव्या कुशीवर वळली की छप्पर गरगरत होतं. विहिरीत वाकणं तिने केव्हाच सोडलं होतं. खांदा धरलाय म्हणून सांगायची आणि बादली नवऱ्याला, लालसूला, ओढायला लावायची. चक्कर येते म्हटलं असतं तर गावातल्या बाया म्हणाल्या असत्या, सकाळपासून दारू घेऊन बसते म्हणून फिरतं. आणि लालसूने तिला झाडाकडे जाऊ दिलं नसतं. म्हणून तिने तोंड शिवून घेतलं. फक्त झाडाखाली हे सोंग चालत नव्हतं. तिथे सकाळभर मान खाली घालूनच काम करावं लागतं.

"घरीबी येते मले," ती म्हणाली. "झोपल्या जागी येते. साल झालं."

"आज सुचलं काय, बाई?" मंगली हसली.

सुकलूने लालसूला विचारलं. लालसूला खोटं बोलता येत नाही, आणि त्याची ही खोड बुधरीला जन्मभर नडत आली होती. पायाच्या अंगठ्याकडे बघत तो म्हणाला, "मले तर नाई मालूम."

बुधरीने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो जागच्या जागी चुळबुळला.

सुकलू वाईट माणूस नव्हता. त्याला भांडण मिटवायचं होतं. तो म्हणाला, झाडाला एक कोंबडा देऊ आणि आठ दिवस थांबू. झाडाने ऐकलं तर कळेलच. "कोंबडा कोन देते?"

"माहं झाड अन मीच कोंबडा देऊ?" बुधरी फणकारली. "काऊन? म्या काई गुन्हा केला काय? ज्याले खाज हाये त्यानं द्यावा."

"मी देते," मंगली म्हणाली.

बुधरीला वाटलं, बरंच झालं, तिचाच कोंबडा जाईल. आठ दिवसांत आपण बऱ्या झालो की हिचं तोंड गावापुढे आपोआप बंद होईल. तिने एवढाच विचार केला.

मंगळवारी मंगली कोंबडा घेऊन नाल्याकडे गेली, आणि बुधरी बाजाराचं नाव सांगून एकटीच धानोऱ्याच्या बसमध्ये चढली. दवाखान्यातून काय आणायचं ते तिने मनाशी पक्कं केलं होतं. मोठी सुई टोचून घ्यायची, दंडावर कापूस चिकटवलेला राहू द्यायचा. रंगीत गोळ्या आणायच्या, एखादी बाटली आणायची, आणि सगळं सुकलूच्या अंगणात ओतायचं. म्हणजे लोकांना दिसेल की हा रोग होता, झाडाचा यात काही संबंध नव्हता.

डॉक्टरने दोन प्रश्न विचारले आणि तिला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे दीपाली रामटेके नावाची मॅडम होती, व्यायाम आणि मालिश बघणारी, आठवड्यातून एकदा येणारी. बाहेर बाकावर वीस माणसं ताटकळत होती आणि पंखा बंद होता. तिने बुधरीला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि काही कळायच्या आत मागे आडवं केलं. डोकं टेबलाच्या कडेखाली लोंबत राहिलं.

छत गरकन फिरलं. बुधरी किंचाळली. तिने मॅडमचं मनगट धरलं आणि गोंडीत मॅडमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"डोळे उघडे ठेवा," दीपाली म्हणाली. तिने डोकं सोडलं नाही. डोळ्यांत बघत राहिली, थांबली, मग डोकं डावीकडे वळवलं. पुन्हा थांबली. मग बुधरीला डाव्या कुशीवर लोळवून नाक फरशीकडे करायला लावलं, आणि शेवटी उठवून बसवलं. मग सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी छत अर्धवट फिरलं. तिसऱ्या वेळी फिरलंच नाही.

"झालं," ती म्हणाली. "कानाच्या आत बारीक खडे असतात, बाई. तुमचे जागेवरून सुटले होते. मान वाकवली की घरंगळायचे, म्हणून सगळं फिरल्यासारखं वाटायचं. ते परत जागेवर नेले."

"अन गोळी?"

"गोळी लागत नाही याला."

"सुई?"

"सुईनं खडा हलत नाही."

"मंग नुसत्या पान्याची बाटली तरी दे, मॅडम!" बुधरी टेबलावरून उतरली. "मले गावाले दाखवाले काईतरी पायजे. मी रोगी होती हे मानंल कोन?"

"चक्कर गेली ना? आणखी काय दाखवायचं?" दीपालीचा आवाज चढला. "गरज नाही त्या माणसाला औषध देऊ मी? परत आली तर या. पुढचे कोण आहेत?"

"डोकं पकडून गरागरा फिरवाचं, अन त्याचा पगार घेता तुमी!" बुधरी दारातून ओरडली. बाकावरची माणसं दचकून बघू लागली. दीपालीने चिठ्ठी तिच्या हातात कोंबली आणि तिच्याकडे पाठ फिरवली.

परतीच्या बसमध्ये बुधरीने मुद्दाम मान खाली घालून आपले पाय बघितले. काही फिरलं नाही. रात्री ती उजव्या कुशीवर वळली, छप्पर जागच्या जागी होतं. वर्षाने पहिल्यांदा ती त्या कुशीवर झोपली. झोपेपूर्वी तिला मॅडमची थोडी लाज वाटली, पण थोडीच.

आठव्या दिवशी सकाळी सगळं गाव नाल्याकाठी आलं. बुधरी खराटा घेऊन पुढे झाली. कंबरेत वाकली, मान पार गुडघ्यापर्यंत खाली घातली आणि झाडू लागली. बुंध्यापासून बाहेर, गोल गोल, पाला मागे लोटत. एकदा झटकन उभी राहिली, पुन्हा वाकली, पुन्हा उभी राहिली. हे फक्त मंगलीसाठी होतं. मंगली एका बाजूला हाताची घडी घालून उभी होती. तिचं तोंड उतरलेलं नव्हतं, आणि हे बुधरीला जरा खटकलं. पण तिने सगळी जागा झाडून काढली, खराटा बुंध्याला टेकवला आणि विचारलं, "पडली काय मी?"

"नाई पडली," सुकलू म्हणाला. म्हातारा मनापासून खूश झाला होता. "पावलं झाड. गोष्ट संपली." मग तो माणसांकडे वळला. "कोंबडा कोनाचा होता?"

"मंगलीचा," दोघं-तिघं एकदम बोलले.

"मंग झाडानं मंगलीचं ऐकलं. बुधरीले सोडलं, मंगलीले धरलं. पाला बुधरीनं झाडला असंल, पन मोह तिनं वेचावा."

बुधरीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती सुकलूच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "कोंबड्यानं नाई! मी दवाखान्यात गेली होती. मंगळवारी. धानोऱ्याले. कानात खडे होते माह्या, मॅडमनं बसवले!"

"कोनती गोळी देल्ली?" मंगलीने विचारलं.

"गोळी नाई देल्ली."

"सुई टोचली?"

"सुईबी नाई."

"मंग केलं काय?"

"डोकं फिरवलं."

सगळे हसले. लालसूसुद्धा हसला, आणि मग बायकोचं तोंड बघून गप्प झाला. बुधरीने कनवटीची चिठ्ठी काढून गुलाबच्या अंगावर फेकली. गुलाब अंगणवाडीत काम करायची, तिला वाचता यायचं. तिने चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. "वरती इंग्रजीत चार अक्षरं हायेत, ते मले नाई समजत," ती म्हणाली. "अन खाली लिवलं हाये, औषध काही नाही."

"बघा!" मंगली म्हणाली. "डॉक्टरच म्हणून राह्यले का औषध नाई देल्लं. कोंबडा मंगळवारी देल्ला, चक्कर मंगळवारी गेली. मी आपल्या मनानं काई बोलून राह्यली काय?"

ती मनाचं काहीही बोलत नव्हती, आणि बुधरीला तिचा गळा धरावासा वाटला तो याचसाठी. मंगलीचा एकेक शब्द खरा होता. सुकलूलाही पटला, गुलाबलाही पटला. आणि लालसू त्या झाडाखाली उभा राहून, बायको बरी झाली या समाधानात, हळूच मान हलवत होता.

"थांबा!" बुधरी ओरडली. "दाखवतेच तुमाले. कानाचंच हाये ते!"

ती बुंध्याजवळच्या वर आलेल्या मुळावर बसली. मॅडमने वळवली तशी मान उजवीकडे वळवली आणि अंग मागे झोकून दिलं. पाठ मुळावर आपटली, डोकं पलीकडे लोंबकळलं. "माह्या डोळ्यात पाहा! आता फिरतीन, पाहा!"

माणसं जवळ आली. सुकलू वाकला, गुलाब वाकली, आणि सगळ्यात जवळ मंगली गुडघ्यावर बसली. बुधरीने डोळे ताणून उघडे ठेवले. वर मोहाच्या फांद्या होत्या, टोकाला कळ्यांचे झुबके धरलेले. तिने मान झटकली. उठली, पुन्हा झोकून दिलं. पुन्हा उठली, डोकं दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं आणि पुन्हा मागे पडली. वर्षभर ज्या चक्करेला घाबरून ती उजव्या कुशीवर वळली नव्हती, तिला ती आता मनातल्या मनात हाका मारत होती, ये, एकदा ये, एवढी एकच वेळ ये.

मंगलीने तिच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. नीट, एकेक गोष्ट बघावी तसं.

"नाई फिरत, बाई," ती म्हणाली. "उठा. पाठीले लागंल."

बुधरी उठली नाही. तिने मान आणखी खाली सोडली. फांदी जागची हलली नाही.