तपासणीची वाट पाहणारी टाकी

मित्रांनो, टेकडीवरच्या त्या एकुलत्या एका घरामागे, दगडी ओट्यावर जी जस्ती पत्र्याची जुनी टाकी दिसते ना, ती मी. माझ्या बुडाशी गंज धरला आहे. पोटात पाणी आहे, पण ते पिणारं कोणी नाही.

माझी उमेदीची वर्षं एका बेकरीच्या गच्चीवर गेली. तिथे दिवसभर माणसांची वर्दळ असे. पुढे प्लॅस्टिकची टाकी आली आणि मी भंगारवाल्याच्या आवारात जाऊन पडले. तिथे एके दिवशी एक बाई आल्या. त्यांनी माझ्या अंगावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाल्या, "आवाज खणखणीत आहे. हीच द्या."

बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. निवृत्त झाल्यावर त्यांना हवं होतं एकच, जिथे एकही तार पोचत नाही असं घर. धाकट्या भावाच्या मदतीने त्यांनी ते बांधलं. दिव्यांसाठी छपरावर सौर पट्ट्या बसवल्या. छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून माझ्यात येई. गारवा राहावा म्हणून मला स्वयंपाकघराशेजारी अर्धं जमिनीत पुरलं होतं.

घर उभं राहिलं, पण त्यात राहण्याची परवानगी मिळेना. कचेरीतून परतलेला भाऊ गवंड्याला कारकुनाची नक्कल करून दाखवायचा, "वीजजोडणी नाही, नळ नाही, गटार नाही. अहो, याला आम्ही घर तर सोडाच, गोठाही म्हणू शकत नाही!" गवंडी पोट धरून हसे. बाई हसत नसत. शहरातली खोली त्यांनी सोडली होती. सामान दोरीने बांधलेलं, तसंच पडून होतं.

अखेर तपासनीस आले. सडसडीत, चढणीने धापा टाकणारे. सांडपाण्याचा शोषखड्डा पाहिला, मला पाहिलं आणि मान हलवली. "खड्डा वर आणि टाकी खाली. घाण झिरपून यात उतरेल. असं चालणार नाही."

भाऊ उसळला, "ताई, हा माणूस आपल्याला पाण्यात पाहतोय!"

"पाण्यातच पाहायला आलोय मी," तपासनीस शांतपणे म्हणाले. बाईंना तेव्हा प्रथमच हसू फुटलं.

मला उकरून, दोर लावून खड्ड्याच्या वर, घरामागच्या चढावर नेलं. गवंड्याने ओटा बांधला. झाकणाला कुलूप बसलं, पन्हळीच्या तोंडाला जाळी लागली. मग परवानगी मिळाली. अट एकच होती, दरवर्षी पाण्याची तपासणी व्हायची.

भाऊ आपल्या संसाराकडे गेला. बाईंनी सामानाच्या दोऱ्या सोडल्या. सुरुवातीला शांतता त्यांना फार गोड लागली. सकाळी पाणी किती उरलंय ते पाहायला त्या मला ठोकत आणि सवयीने म्हणत, "हॅलो?" मग स्वतःशीच हसत. हळूहळू त्यांचं हसणं बंद झालं. "हॅलो" मात्र राहिलं.

तपासनीस वर्षातून एकदा येत. त्याआधी बाई मला आतून घासत, अंगण झाडत, इस्त्रीचे कपडे घालत. ते बाटलीत पाणी भरून घेत आणि मग पायरीवर बसून चहा पीत. बाई एवढं बोलत की तपासनिसांचा चहा निवून जाई. ते तो तसाच पीत.

मग नियम बदलला. पाणी घरमालकानेच तपासून घ्यायचं, कोणी येणार नाही. त्या वर्षी बाईंनी मला घासलं, अंगण झाडलं, आणि दिवसभर वाटेकडे तोंड करून बसल्या.

पुढे एके दिवशी तपासनीस अचानक आले. चेहरा गंभीर होता. "तक्रार आली आहे. या टाकीच्या पाण्याला वास येतो म्हणे."

मित्रांनो, मला फार लागलं ते. माझ्या पाण्याला वास?

त्यांनी पेल्यात पाणी घेतलं, हुंगलं, प्यायले. "पाणी तर चांगलं आहे. तक्रार केली कोणी?"

"मी," बाई म्हणाल्या. त्यांची मान खाली होती. "दुसरं काय सांगितलं असतं तर आला असता तुम्ही?"

तपासनिसांनी पेला खाली ठेवला. मग पिशवी खांद्यावरून काढून पायरीवर ठेवली. "खोटी तक्रार करणं नियमात बसत नाही, बाई."

"मग?"

"मग काय, आधी चहा टाका. रागवायचं ते नंतर बघू."

त्या दिवशी ते ऊन उतरेपर्यंत बसले. चहा दोनदा झाला. नंतरही ते दोन-तीनदा आले, बाटली न घेता. मग त्यांची लांब बदली झाली. बाईंचे गुडघे गेले. भाऊ येऊन त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. निघताना त्यांनी माझी तोटी घट्ट बंद केली आणि तळवा माझ्या पत्र्यावर टेकवून तशाच उभ्या राहिल्या. भाऊ म्हणाला, "ताई, चल." त्या गेल्या.

आता पाऊस मला भरतो आणि मी भरले की वरचं पाणी बाहेर सांडतं. जाळीत पानं कुजली आहेत.

मित्रांनो, घरची टाकी वर्षातून एकदा तरी घासत जा, झाकण नीट लावत जा. आणि तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेल, जिथे जायला तुम्हाला काहीच कारण नाही, तर तिथे बिनकारण जा. त्या घरातल्या माणसाला कारण शोधायला लावू नका.