न चोळलेला पाय

भागिरथीनं तेलाच्या वाटीवर पंजा ठेवला. तेल नुकतंच चुलीवरून उतरलं होतं, ओवा-लसणीचा वास खोलीभर पसरला होता. हात पोळला, तरी तिनं तो उचलला नाही.

"वन्सं, त्या पायाला हात लावायचा न्हाई."

नणंद छबूबाई पदर खोचून भावाच्या खाटेशी बसली होती. केडगावाहून पुणतांब्याला ती आली होती तीच मुळी रंगनाथाचा पाय चोळायला. खुब्याचं ऑपरेशन होऊन तो घरी आला, पडून राहिला, आणि उजवी पोटरी भोपळ्यागत टम्म सुजली.

"साऱ्या गावाचे पाय चोळलेस, वहिनी," छबूबाई म्हणाली. "माझा भाऊच तेवढा वाळीत का?"

बोलणं खोटं नव्हतं. गावातल्या निम्म्या बाप्यांना भागिरथीनं तान्हेपणी आपल्या पायांवर पालथं घालून न्हाऊमाखू घातलं होतं. त्यांच्या आयांच्या कंबरा चोळल्या होत्या. त्या न्हाण्यांमधला धुरकट उजेड, बाळंतिणींची कुजबूज, शेकाच्या निखाऱ्यांवर तडतडणारा ओवा, सगळं तिला अजून लख्ख आठवे. रंगनाथाला मात्र बायकोचं हे काम कधी रुचलं नाही. ती तेलकट हातांनी घरी आली की तो ओसरीवरून उठून जाई.

"लाव गं हात," आज तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला. "आतून लई ठणकतंय. आजवर कधी मागितलं होतं का तुला?"

भागिरथीचे अंगठे आपसूक हलले. गाठ लागली की बोटांनी ती शोधायची आणि हळूहळू विरवून टाकायची, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

पण कोपरगावच्या डॉक्टर वृषालींनी तिला मशिनच्या पडद्यावर ती शीर दाखवली होती. काळ्या शिरेत एक करडा गोळा अडकून बसला होता.

"जखम झाली की रक्त साकळतं, आजी, म्हणून तर माणूस वाचतो. पण पडून राहिल्यानं इथं शिरेच्या आतच साकळलंय. गोळ्या गुठळीला वाढू देणार नाहीत. विरघळवायचं काम शरीर आपलं आपण करतं, सावकाश. चोळायचं मात्र नाही. सुटली तर ती थेट फुफ्फुसात जाईल."

"आन् मग?" भागिरथीनं विचारलं होतं.

डॉक्टरीणबाई तिच्या हातांकडं बघत राहिल्या होत्या.

"आत रक्त साकळलंय," भागिरथी आता नणंदेला म्हणाली. "चोळलं तर सुटंल, आन् वर छातीत जाऊन बसंल. माणूस हातचं जाईल."

"तुझ्या हातानं कुनाचं वाईट झालंय का आजवर?"

"न्हाई. आन् आता यांच्यापासनं सुरुवात करायची न्हाई मला."

छबूबाईचे डोळे भरून आले.

"मग मी काय करू गं? नुसतं बघत बसू?"

"व्हय. मी बी तेच करतीय. लई अवघड हाय ते."

रंगनाथानं कण्हणं दातांखाली दाबलं. भागिरथी वाटी घेऊन उठली, ती मोरीकडं जाईल असं छबूबाईला वाटलं. पण ती खाटेच्या पलीकडं जमिनीवरच टेकली, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि दोन्ही पाय लांब केले.

"तेल कशाला वाया घालवायचं? चोळा."

नणंदेनं वहिनीचे पाय चोळायचे, हे या घरात कधी घडलं नव्हतं. छबूबाई क्षणभर बघतच राहिली. मग नाक पुसत हसली.

"आई असती तर दोघींना घराभायेर काढलं असतं."

"त्यांची कंबर बी मीच चोळायची. त्या कशाला काढतील?"

छबूबाईनं बोटं तेलात बुडवली. भागिरथीनं डोळे मिटले. आजवर तिच्या पायांना कुणी तेल लावलं नव्हतं, आणि कुणाला ते सुचलंही नव्हतं.

खाट करकरली. रंगनाथानं भिंतीकडचं तोंड वळवलं होतं.

"छबू, डावा घोटा जरा जपून," तो म्हणाला. "दिवसभर उकिडवी बसून येती, मग सांजच्याला तोच पाय ओढती ती. पहिल्यापासनं."

भागिरथीनं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं डोळे उघडले नाहीत. डावा पाय तेवढा पुढं सरकवला.