लोण्यासारखा ब्रेक

मी एका मोटारसायकलचा पुढचा ब्रेक बोलतोय. हॉर्न नव्हे. हॉर्नला बोलायला निमित्त लागत नाही; फाटकातून बाहेर पडतानासुद्धा तो बोंबलतो. मी आजवर तोंड उघडलं नव्हतं, कारण माझ्याबद्दल कोणी कधी विचारलंच नाही.

हँडलच्या उजव्या मुठीपुढची दांडी ती माझीच. तिच्याजवळ तेलाची छोटी डबी आहे. तिथून एक नळी खाली चाकापर्यंत जाते आणि चाकाशी माझी चिमटी आहे. दांडी दाबली की नळीतलं तेल पुढे रेटलं जातं, चिमटीतले दोन पॅड चाकाच्या चकचकीत तबकडीला धरतात आणि गाडी थांबते. इतकं सोपं आहे. तरीही माणसांना ते आयुष्यभर कळत नाही.

कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी दांडी दाबली, मान हलवली आणि शिक्का मारला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. दुसऱ्याला फार वर्षं लागली.

माझे मालक पडद्यांचे दुकानदार. गाडी घरी आणली त्या दिवशी त्यांनी टाकी पुसली, आरसे पुसले, सीटवर प्लास्टिक चढवलं आणि शेजाऱ्यांना बोलावून हॉर्न वाजवून दाखवला. शेजाऱ्यांनी विचारलं, "किती पळते?" मालकांनी आकडा सांगितला. थांबते कशी, हे कोणी विचारलं नाही. पुढेही कोणी विचारलं नाही. माणसं पळण्याच्या गप्पा मारतात. थांबणं म्हणजे त्यांना अपमान वाटतो.

मालकांचं एक ठाम मत होतं. "पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. लावला की गाडी डोक्यावरून पलटी. मी इतकी वर्षं चालवतोय, एकदा तरी लावला का?" हे ते छाती काढून सांगत. म्हणजे गाडीतल्या सगळ्यात कामाच्या वस्तूला आपण कधी वापरलं नाही, याचा त्यांना अभिमान! ते थांबत कसे, तर पायाने मागचा ब्रेक रगडून आणि उरलेलं चपलेने. रस्त्यावर पाय घासत घासत थांबायचे. त्यांच्या उजव्या चपलेचा तळ दर काही महिन्यांनी झिजायचा आणि ते चपलवाल्याला शिव्या घालायचे.

न वापरल्याने मी बिघडलो नाही, विसरल्याने बिघडलो. डबीतलं तेल दर दोनेक वर्षांनी बदलायचं असतं, कारण ते हवेतला ओलावा पितं. माझं तेल काळं पडलं तरी तेच. साखळीला ग्रीस लावायचं फडकं मालक माझ्या तबकडीवरून फिरवायचे, "चमक येते" म्हणून. चमक आली. पकड गेली. मग नळीला चीर गेली आणि तेल ठिबकू लागलं, तेव्हा कुठे गाडी गॅरेजात गेली.

गॅरेजवाल्याने घाईघाईत नळी बदलली. तेल भरताना आत हवा राहिली, ती काढायची त्याने तसदी घेतली नाही. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे दांडी एकदम मऊ झाली. त्याने मालकांना म्हटलं, "बघा दाबून."

मालकांनी दाबली. "अरे वा! लोण्यासारखा झाला!"

"मग झालं," गॅरेजवाला म्हणाला.

त्या दिवसापासून मी मालकांचं कौतुकाचं लेकरू झालो. वापरायचे नाहीतच, पण गाडी स्टँडवर उभी करून चारचौघांना दाखवायचे. "एका बोटाने दाब. बघ, लोणी!" मित्र दाबायचे, माना डोलवायचे. एवढी मोठमोठी माणसं, कुणाचं दुकान, कुणाची नोकरी, पण मऊ ब्रेक म्हणजे मेलेला ब्रेक हे एकालाही कळू नये! मी लाजेने नळीतच गप्प बसायचो.

मग मालकीणबाईंच्या आईच्या खुब्याचं हाड मोडलं.

म्हातारी एकटीच राहते, उताराखाली, पुलापलीकडे. तिला उठवायला, अंघोळ घालायला रोज सकाळी कोणीतरी हवं. मालकांना सकाळी दुकान उघडायचं असतं. पायी गेलं तर बाईंचा अर्धा दिवस जायचा. बाईंनी जेवता जेवता सांगून टाकलं, "मी गाडी शिकते."

"तू?" मालक हसले. "अगं, ती मोटारसायकल आहे, शिवणयंत्र नाही."

"शिवणयंत्रावर तुमचं दुकान चालतं," बाई म्हणाल्या. "उद्यापासून शिकवा."

बाई लवकर शिकल्या. क्लच, गिअर, वळण, सगळं. फक्त थांबण्याच्या बाबतीत गुरूने शिष्याला स्वतःची विद्या दिली: पुढच्याला हात लावायचा नाही, मागचा रगडायचा, उरलेलं पायाने.

उतारावर पहिल्यांदा नेलं त्या दिवशी मालक मागे बसले होते. खाली एक टँकर आडवा वळत होता. बाईंनी मागचा ब्रेक रगडला. मागचं चाक घसरलं, गाडी नागमोडी झाली. घाबरून त्यांनी मला धरलं, पाचही बोटांनी. दांडी सरळ मुठीला जाऊन टेकली. मी काय करणार? माझ्या नळीत बुडबुडे, पॅडला ग्रीस. बाईंनी शेवटच्या क्षणी हँडल वळवलं आणि आम्ही रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात शिरलो.

बाईंचं मनगट मुरगळलं. मालकांची पँट गुडघ्यावर फाटली. उठता उठता त्यांनी तोंड सोडलं, "सांगितलं होतं ना, पुढचा धरू नको!"

"धरला कुठे?" बाई वाळू झटकत म्हणाल्या. "धरायला तो होताच कुठे?"

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कोणी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य.

घरी आल्यावर मालक म्हणाले, "बास झालं. तुझ्याने नाही व्हायचं. आईंसाठी एखादी बाई बघू."

"आई परक्या बाईला अंगाला हात लावू देईल? ती तशीच पडून राहील, पण सांगायची नाही." बाईंचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मला गाडी येते. ब्रेक येत नाही, तो मला नाही, गाडीला येत नाही."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मला गॅरेजात घेऊन गेल्या. मालक मागोमाग आले, कारण त्यांच्याशिवाय काही दुरुस्त झालं असतं तर त्यांना झोप लागली नसती. गॅरेजवाल्याने दांडी दाबली. जणू आतली हवा दुसऱ्याच कोणी सोडली, अशा थाटात म्हणाला, "ब्रेकमध्ये हवा आहे."

"असणारच!" मालक खुशीत म्हणाले. "परवाच भरून आणली."

"ती टायरमध्ये, शेठ. ही ब्रेकमध्ये आहे."

"मग चांगलंच की. दोन्हीकडे आहे."

गॅरेजवाल्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी आभाळाकडे.

"ही काढायची असते," तो म्हणाला. "पॅडही गेलेत, ते बदलून तबकडी साफ करून देतो. हवा मात्र आज जमणार नाही, आधीच्या गाड्या पडल्यात. घरी काढा, दोन माणसांचं काम आहे. एकाने वरून दांडी दाबून धरायची, दुसऱ्याने खाली चिमटीवरचा नट सैल करायचा, बुडबुडे निघाले की कसायचा, मग दांडी सोडायची. अवघड काही नाही. फक्त एकाने दुसऱ्याचं ऐकायला लागतं."

"तेवढंच अवघड आहे," बाई म्हणाल्या.

ब्रेकच्या तेलाने टाकीचा रंग जातो, म्हणून घरी आल्यावर बाईंनी तिच्यावर जुना पडदा टाकला. खालच्या नटाला गॅरेजवाल्याने दिलेली पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं. चाकाशी पाना घेऊन त्या बसल्या, मालक दांडीशी.

"दाबा. धरून ठेवा."

"धरलं."

नट सैल झाला. काळं तेल निघालं, त्यात बुडबुडे. आणि नट कसायच्या आत मालकांनी दांडी सोडली. निघालेली सगळी हवा सुर्रकन परत आत.

"अहो, सोडलंत का?"

"मला वाटलं झालं."

"मी सोडा म्हटलं?"

"म्हणणारच होतीस."

पुन्हा. पुन्हा तेच. मग मालकांनी स्वतःची युक्ती काढली, "भराभर दाबतो, एकदम निघेल सगळी." बाईंनी पाना जमिनीवर ठेवला. ओरडल्या नाहीत.

"परवा त्या उतारावर मी एकटी असणार आहे," त्या म्हणाल्या. "तिथे तुमचं मत उपयोगाला येणार नाही."

मालकांनी दांडीवर बोटं नीट ठेवली. मग "दाबा" म्हटलं की त्यांनी दाबलं, "धरा" म्हटलं की धरलं, आणि "सोडा" म्हणेपर्यंत बोट हलवलं नाही. बाई अधूनमधून डबीत नवं तेल घालत होत्या. बुडबुडे विरळ झाले, मग थांबले. माझ्यातली हवा निघाली. मालकांतली कितपत निघाली, ते बाईंना माहीत.

शेवटी मालकांनी दांडी दाबली आणि त्यांचा चेहरा पडला. "अगं, कडक झाला! बिघडवलास!"

"कडकच हवा," बाई हात पुसत म्हणाल्या.

आता मालक मित्रांना सांगतात, "ब्रेक म्हणजे कसा, दगडासारखा लागला पाहिजे. मी स्वतः केलाय." मित्र तशाच माना डोलवतात. त्यांच्या गाड्यांचे ब्रेक अजून लोणी आहेत, पण घरी जाऊन दाबून बघायची अक्कल एकाला नाही. तुम्हाला असली तर वापरा. दांडी मुठीला टेकत असेल तर कौतुक करू नका, तेल बदला, हवा काढा आणि ग्रीसचं फडकं माझ्या भाऊबंदांपासून लांब ठेवा. हात जोडून सांगतोय, म्हणजे जोडायला हात असते तर.

बाई आता रोज त्या उतारावरून एकट्या जातात. मागच्या ब्रेकला पायाने, मला दोन बोटांनी, दोघांना बेताबेताने दाबतात. काल एका फाटकातून एक चारचाकी मागे न बघता बाहेर आली. बाईंनी मला दाबलं, मी तबकडी धरली, गाडी नाक खाली घालून जागच्या जागी थांबली. चारचाकीवाल्याने हॉर्न वाजवला. त्याला वाटलं, चूक आमची.

आईकडे पोचल्यावर म्हातारीने पलंगावरून विचारलं, "आज उशीर झाला? वाटेत काही झालं का गं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या आणि अंघोळीचं पाणी काढायला गेल्या.

मी अंगणात उभा होतो, तबकडी अजून गरम होती. ते 'काही नाही' माझं होतं.